शून्य नोंदी

नियम अकरा ओळींचा आहे.
मीच लिहिला, बुधवारी संध्याकाळी,
पुएर्तो मोन्तच्या गोदामावरच्या खोलीत,
जिथे खालच्या जाळ्यांचा डांबरी वास
जिना चढून येतो आणि कीबोर्डवर बसतो.

गिऱ्हाईक ज्याचं, त्यालाच दिसावं.
एवढंच म्हणतो नियम.

कारण नव्हतं असं म्हणणार नाही.
गेल्या साली रामिरो बाराशे नावं
अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये घालून
समोरच्या धक्क्यावरच्या दुकानात गेला,
आणि नाताळच्या आत आमचे निम्मे शिंपलेवाले
तिकडून दोर घ्यायला लागले.
ओसान्दोन बाई म्हणाल्या, वाटणी करा.
शेताची करतात तशी. बांध घाला.

मी बांध घातले.
किंचाओ आणि भोवतालची बेटं दान्कोला,
वय सव्वीस, बूट अजून कोरडे.
कालबुको एलिसेओ बारियांना,
त्यांचे गुडघे आता बोटीत चढत नाहीत.

मग एलिसेओंच्या नावाने आत शिरून पाहिलं.
तपासावं लागतं.
दुसऱ्याच्या डोळ्यांनी पडदा बघणं
माझ्या कामात बसतं, पगारात नाही.
चार हजार ओळींतल्या तीनशे नव्वद उरल्या.
बाकीच्या गेल्या. जागासुद्धा रिकामी दिसेना,
उरलेल्या सरकून एकमेकींना चिकटल्या होत्या.

कुलूप असतं तर बरं झालं असतं.
कुलूप सांगतं तरी, इथे दार आहे
आणि ते तुला नाही.
माझा नियम अडवत नाही, चाळतो.
चाळणीखाली काय पडलं विचाराल तर म्हणतो:
शून्य नोंदी सापडल्या.
खोटं नाही ते.
वाक्य फक्त अर्ध्यावर सोडलेलं आहे.

सोमवारी एलिसेओ जिना चढून आले.
प्रत्येक पायरी मला ऐकू येत होती.
दारात थांबले, टोपी हातात घेऊन.
"नेल्दा," म्हणाले, "एर्मिंदा कार्कामो कधी गेली?"

मला आधी कळेना.
त्यांनी नाव टाकलं होतं. दोनदा.
मग आडनाव एक अक्षर बदलून.
मग बोटीचं नाव.
बोटही नाही.
म्हणजे विकली असणार, म्हणाले, मुलीने.
म्हणजे गेलीच.
कोटाच्या खिशातून काळ्या टायचं टोक दिसत होतं.
दुपारची बोट गाठणार होते, त्या गुडघ्यांनी.

एकतीस वर्षं ते तिला दोर विकत आले.
तिच्या कार्डावर खाली त्यांचा शेरा आहे:
*मार्चमध्ये उधारीचा विषय नको. मुलगा मार्चमध्ये बुडाला.
आठच्या आत फोन नको, मेंढ्या असतात.
बटाटे देईल. घ्या.*
शेरा ज्याने लिहिला त्यालाच दिसतो, ही सातवी ओळ.
कार्ड दान्कोकडे गेलं, शेरा मागे राहिला,
आणि मागे राहिलेलं कार्डाशिवाय उघडत नाही.
म्हणजे आता तो मला सोडून
कुणालाच दिसत नाही.

"आहे," मी म्हटलं. "ती आहे.
फक्त तुमच्याकडे नाही."

ते खुर्चीत बसले.
टाय बाहेर काढला, आणि घडी घालत राहिले,
अर्ध्याची अर्धी, तिचीही अर्धी,
काडेपेटीएवढी होईपर्यंत.
रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.
"बरं झालं," म्हणाले. आणि पुन्हा, "बरं झालं."

ते गेल्यावर मी बारावी ओळ लिहिली:
शेरा कार्डासोबत जावा.
मंजुरी लागते. बाई सान्तियागोला आहेत,
येणार पुढच्या गुरुवारी.
मार्च रविवारी लागतो.

तेव्हा मी माल-पावतीच्या पाठीवर
पेनाने तीन ओळी उतरवल्या
आणि खाली जाऊन दान्कोच्या टेबलावर ठेवल्या.
माझ्याच नियमाला वळसा घालून,
सगळ्या गोदामादेखत.

त्याने वाचलं. पावती उलटून दुसरी बाजू पाहिली.
"बटाटे?" म्हणाला.

"घे," मी म्हटलं.